चल गो, सुकतंय!

प्रागला आम्ही तिघं एका दिवसासाठी फिरायला गेलो होतो. संपदाने त्या दिवशी भरपूर फोटो काढले, पण त्यांत एकालाही तोंड नाही. राजे, संत, घोड्यावरचे सरदार, सगळे पाठमोरे. जुन्या पुलावर लोक पुतळ्यांसमोर हसून उभे राहत होते आणि ही बया कठड्यावर वाकून त्यांच्या पाठी तपासत होती.

"तोंड सगळेच रंगवतात गो. पाठीला कोण किती राबला ते बघायचं."

संपदा पेणजवळच्या जोह्याची. घरचा गणपतीचा कारखाना. मी रोह्याची, बाबा धाटावला कंपनीत. आमची ओळख झाली जर्मनीत, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात. आमचा गणपती दरवर्षी तिच्याच घरून येतो हे कळल्यावर तिने हक्काने माझ्या पातेल्यातला भात वाढून घेतला.

तिची दुसरी खोड म्हणजे दिसेल त्या मूर्तीला टिचकी मारायची. चर्चमधल्या लाकडी संताला टिचकी मारून, कान लावून तिने जाहीर केलं, "पोकळ हाय." म्हातारा राखणदार बोट नाचवत धावला. ही त्याला मराठीत धीर देत होती की घाबरू नका, बैठक भक्कम आहे.

आणि तिसरी खोड घाईची. रंग सुकायच्या आत हात चालवायचा, ही कारखान्यातली सवय ती परदेशातही घेऊन आली. कॉफी आली की "चल गो, सुकतंय!" सिग्नल लागला की "सुकतंय!" चौकातल्या मनोऱ्यावरच्या प्रसिद्ध घड्याळातून दर तासाला बाहुल्या बाहेर येतात, त्यासाठी गर्दी माना वर करून थांबली होती. ही तेवढ्यात मनोऱ्याला मागून फेरी मारून आली. आमच्यातला तिसरा, नागपूरचा निखिल, त्याने केलेला सगळा बेत तिने जेवणाआधीच उधळला.

त्या दिवशी मात्र ती जरा जास्तच सैरभैर होती. सारखा फोन काढायची, बघायची, परत पिशवीत टाकायची. शेवटी मी तिला हाताला धरून थांबवलं.

"आज शेवटच्या मूर्ती निघणार," ती म्हणाली. "डोळे बाबांनी आखले का नाय, कोण जाणे."

डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते. गेली काही वर्षं ती संपदाच करायची, कारण आजारपणानंतर तिच्या बाबांचा हात थरथरतो. तिने आखलेला गणपती किंचित बाजूला, दाराकडे बघतो. त्यावरून बाबा दरवर्षी ओरडायचे, "देवानं समोर बघायचं! दाराकडं काय हाय?"

"मग फोन कर ना."

"इचारलं की हात अजून थरथरतो त्यांचा."

म्हणजे सकाळपासून ही पोरगी शहर बघतच नव्हती. मला फार वाईट वाटलं. माझे बाबा त्याच दिवशी मूर्ती आणायला जोह्याला जाणार होते. मी गुपचूप त्यांना कळवलं, की तोंडावर रुमाल टाकायच्या आधी एक फोटो पाठवा.

फोटो आला तेव्हा आम्ही पुन्हा पुलावर होतो. मला तर डोळे दरवर्षीसारखेच वाटले. मी फोन तिच्या हातात दिला.

ती बघतच राहिली. "रेघ थोडी हललीय," ती म्हणाली. मग आवाज एकदम बारीक झाला. "बाबांचा गणपती समोर बघतो. हे त्यांनी माझ्यासारखे आखलेत गो. दाराकडं बघतोय."

ती तिथेच कठड्याला टेकून खाली बसली. डोळे भरून आले होते. दिवसभरात पहिल्यांदाच ती एका जागी बसलेली मी बघत होते. निखिल लांबून हातवारे करत होता, परतीची बस सुटायला आली होती.

"संपदा, ऊठ. चल गो, सुकतंय," मी म्हटलं.

"सुकू दे," ती म्हणाली आणि फोटो मोठा करून पुन्हा बघायला लागली.