गायिका एकदाही गात नाही

"'तिसऱ्या गाण्यात एक अख्खा समूह आकडे म्हणत पुढे सरकतो आणि दर वेळी त्याच जागी कोसळतो,'" वायरमनने मोबाइलवरून वाचलं आणि मान वर केली. "आपल्या तिसऱ्या गाण्यात कोण कोसळतं?"

"मी," ड्रमवाला म्हणाला. "पण एकदाच, आणि तेही मुद्दाम."

"आणि आकडे?"

"मनात मोजतो की मी. एक, दोन, तीन, चार. ऐकू जात असतील."

चौघे वायरमनच्या गोदामात केबलच्या गुंडाळ्यांवर बसले होते. वायरमन गिटार वाजवायचा. ड्रमवाला दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा. मास्तर दुसरीच्या वर्गाला शिकवायचे आणि शाळा सुटल्यावर बास गिटार वाजवायचे. चौथी गायिका. तिने वडिलांच्या चष्म्याच्या दुकानातून वर्षभराची सुट्टी घेतली होती आणि ते वर्ष येत्या रविवारी संपत होतं. वडिलांची अट एकच होती. नात्यातल्या कुणी नव्हे, तर परक्या माणसाने ती चांगलं गाते असं म्हणायला हवं, आणि ते छापून यायला हवं. नाहीतर सोमवारपासून काउंटर.

त्यांचा पहिलावहिला अल्बम वर्तमानपत्रांकडे जाऊन तीन आठवडे झाले होते. आज एकदम तीन परीक्षणं आली होती, आणि तिन्ही कौतुकाने ओथंबलेली.

"पुढचं वाच," गायिका म्हणाली.

"'पाचव्या गाण्यात नाक ओढण्याचा आवाज बरोबर तालात येतो. माणसाचं एकटेपण इतक्या कमी साधनांत कुणी मांडलं नव्हतं.'"

सगळ्यांनी ड्रमवाल्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? मला सर्दी होत नाही."

"तिसरं ऐका. 'एक दमलेला पण न चिडणारा आवाज पुन्हा पुन्हा म्हणतो, परत. घाई नाही. परत.'"

"हे ओळखीचं वाटतंय," मास्तर पुटपुटले.

"वाटणारच. आपलाच अल्बम आहे."

कुणालाच काही कळलं नव्हतं, पण तसं म्हणायला पहिलं तोंड कुणी उघडेना. शिवाय कौतुक चाललेलं असताना मध्येच शंका काढणं बरंही दिसत नाही. वायरमनने फोटोत मावतील तेवढ्या ओळी कापल्या आणि 'प्रसारमाध्यमांच्या प्रतिक्रिया' असं वर लिहून बँडच्या पानावर टाकून दिल्या. चारशे लोकांनी तासाभरात अंगठे उंचावले.

संध्याकाळी वडिलांनी गायिकेला दुकानात बोलावलं. त्यांच्यासमोर छापील वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि हातात भिंग होतं.

"हे शेवटचं वाच."

फोटोत न मावलेली ती ओळ होती. "'मुख्य गायिका संपूर्ण अल्बममध्ये एकदाही गात नाही. एवढा संयम आजकाल दुर्मीळ.'"

"वर्षभर तू तिकडे करतेस काय?"

"गाते, बाबा."

"इथे तर लिहिलंय गात नाहीस. त्याचंच कौतुक केलंय."

"काहीतरी घोटाळा झालाय."

"अगं, न गाण्यासाठी सुट्टी कशाला हवी होती? ते काउंटरवर बसूनही जमलं असतं."

ती तणतणत गोदामात आली, तर तिथे मास्तर आधीच डोकं धरून बसलेले.

"मला मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं होतं," ते म्हणाले. "पालक भेटून गेले म्हणे. मुलांचं पाठांतर सुधारलंय, पण मागे फार दणदणाट आहे, अशी तक्रार आहे."

"त्याचा आपल्याशी काय संबंध?" वायरमनने विचारलं.

मास्तरांनी सावकाश, फळ्यावर लिहून दाखवावं तसं समजावून सांगितलं. दर शुक्रवारी ते वर्गाचं पाठांतर रेकॉर्ड करून पालकांना पाठवत, म्हणजे मुलांना आपलं कुठे अडतं ते घरी ऐकता येई. रेकॉर्डर एकच होता. त्यावर वर्गाचे पाठ नऊ होते आणि बँडची गाणीही नऊ. आणि गाण्यांना नावंच नव्हती, फक्त एक ते नऊ आकडे. नाव दिलं की गाणं लहान होतं, असं ड्रमवाल्याचं मत पडलं होतं आणि चौघांनी ते मान्य केलं होतं.

"म्हणजे पेपरवाल्यांना..."

"माझा वर्ग गेला. साताच्या पाढ्यात ती सगळी आठव्या पायरीला अडतात. मी परत म्हणायला सांगतो."

"आणि आपला अल्बम?"

"पस्तीस पालकांकडे."

"त्यांना आवडला का?" ड्रमवाल्याने आशेने विचारलं.

"एका आईला वाटलं, मुलीचा आवाज फार लवकर फुटला."

गायिकेला हसावं की रडावं कळेना. "मास्तर, माझ्याकडे चार दिवस आहेत."

मास्तरांनी त्याच बैठकीत तिन्ही वर्तमानपत्रांना माफीचं पत्र लिहिलं. चूक माझी आहे, ती अशी अशी झाली, खरी गाणी सोबत जोडली आहेत. पाठवण्याआधी या खेपेला चौघांनी नऊच्या नऊ गाणी शेवटपर्यंत ऐकली.

दोन वर्तमानपत्रांनी दखलच घेतली नाही. तिसऱ्याचं परीक्षण रविवारी सकाळी आलं. चौघे चष्म्याच्या दुकानाबाहेर उभे राहून ते वाचत होते.

"'या बँडच्या दुसऱ्या अल्बमने साफ निराशा केली,'" वायरमनने सुरुवात केली.

"दुसऱ्या?"

"पुढे ऐक. 'सोबतचं माफीपत्र तेवढं अप्रतिम. पहिल्या अल्बमचं धाडस मात्र कुठेच नाही. गायिकेला अखेर गाण्याचा मोह आवरला नाही. ती चांगलं गाते, सुरात गाते, हेच दुर्दैव.'"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. गायिका सरळ दुकानात गेली आणि गल्ल्यामागच्या खिळ्यावरचा काउंटरचा पांढरा कोट उतरवून अंगात घालू लागली.

"तो राहू दे," वडील म्हणाले. त्यांच्यासमोर तेच पान होतं. भिंग एका ओळीवर थांबलं होतं आणि तिच्याखाली पेन्सिलीची रेघ होती. "छापून आलंय. परका माणूस आहे. अट पूर्ण झाली."

"बाबा, तो नावं ठेवतोय आम्हाला."

"ते त्याचं मत. चांगलं गाते, ही माहिती आहे."

ती एक बाही घालून तशीच उभी राहिली. वडिलांनी कात्रीने चौकोन कापला आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवला.

सोमवारी पहिलंच गिऱ्हाईक जवळचा नंबर तपासायला आलं. वडिलांनी नेहमीचं कार्ड बाजूला सारून त्याच्या हातात तो पुठ्ठा दिला.

"रेघ मारलेलं वाचा. दिसतंय?"

"'ती चांगलं गाते, सुरात गाते,'" गिऱ्हाइकाने डोळे बारीक केले. "पुढे आणखी काहीतरी आहे. हेच..."

"तेवढं नाही दिसलं तरी चालेल," वडील म्हणाले आणि त्यांनी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढचं भिंग बदललं.