अर्ध्या नाल्याची खोदाई

धामणखेडचे सरपंच खुशालराव यांनी ग्रामसभेत छाती ठोकून सांगितलं, "नाला खोल करायचा खर्च दोन जिल्ह्यांत अर्धा-अर्धा. अकोलेवाले कसे देत नाहीत, मी पाह्यतो."

जिल्ह्यांची हद्द नाल्याच्या मधोमध. अलीकडे अमरावती, पलीकडे अकोला. तुंबलेलं पाणी मात्र दोन्ही काठांवरची कपाशी सारख्याच मायेनं बुडवायचं.

पलीकडच्या गावच्या सरपंच माणिकबाईंनी खुशालरावांना चहा पाजला.

"भाऊ, पानी तुमच्या इकडून येते. आमी कावून पैसे द्यावं?"

"नाला अर्धा तुमचा हाये ना बाई."

"हाये ना. आमचा अर्धा आमी पाहून घेऊ. तुमचा तुमी पाहा."

मग दोन्ही जिल्ह्यांच्या कार्यालयांत पत्रं सुरू झाली. वर्षभर ती एकमेकांची आस्थेनं चौकशी करत राहिली. शेवटी खुशालरावांचं डोकं सटकलं. त्यांनी पंचायतीचा निधी काढला, जेसीबी बोलावला आणि कोरड्या नाल्याच्या मधोमध, लांबच लांब, चुन्याची रेघ मारली.

जेसीबीवाला ओमप्रकाश खाली उतरून रेघेकडे पाहत राहिला. "सरपंचसाहेब, नाला असा उभा चिरून खोदत नसते."

"रेघेपलीकडची मूठभर माती जरी काढली, तर तुया भाड्यातून कापीन."

तीन दिवसांत धामणखेडचा अर्धा नाला सहा फूट खोल झाला. अकोल्याचा अर्धा होता तसाच गाळात. खुशालरावांनी काठावर उभं राहून फोटो काढून घेतला.

जुलैत पावसानं जोर धरला. पाण्याला हद्द कळत नाही, उतार कळतो. सगळं पाणी खोल अर्ध्यात घुसलं, काळ्या मातीचा काठ खात सुटलं आणि खुशालरावांची दीड एकर कपाशी घेऊन गेलं. पलीकडच्या शेतात पाण्याचा थेंब चढला नाही.

माणिकबाई शाल-नारळ घेऊन आल्या. "भाऊ, यंदा आमचं शिवार तुमच्यामुळं वाचलं." खुशालरावांनी खचलेल्या काठाकडे पाठ करून शाल घेतली.

त्याच रात्री त्यांनी अकोल्याच्या कार्यालयाला अर्ज लिहिला : काठ बांधायचा अर्धा खर्च द्या. या वेळी मोजणीवाले चौथ्या दिवशी आले, उत्तर आठव्या दिवशी. बायको इंदूबाईंनी ते मोठ्यानं वाचलं.

"सदर नाला आता पूर्णपणे अमरावती जिल्ह्याच्या हद्दीतून वाहत असल्याचे आढळून आले. सबब खर्चवाटपाचा प्रश्न उद्भवत नाही."

कागदाची घडी घालत त्या म्हणाल्या, "अर्ध्यासाठी भांडत होते, पुरा भेटला."