धानात पिकलेली पाटी

“दगडावर नाव मेलेल्या माणसाचं कोरतात, मामाजी! जित्या माणसाचं नाव कसं लाकडावर शोभते!”

वीरेंद्रने हे आपल्या सासऱ्यांना भर पंगतीत, भातात वरण कालवता कालवता सांगितलं आणि तिथेच सगळी भानगड सुरू झाली.

सासरे केवळराम यांनी एकोडीत जुन्या घरापुढे नवं पक्कं घर बांधलं होतं. वास्तुपूजन डिसेंबरातल्या एका रविवारी ठरलं होतं. नावाची पाटी मी ग्रॅनाइटची आणतो, असं थोरला जावई धनंजय म्हणाला होता. आता धनंजयने काही म्हटलं की ते होतं. वीरेंद्रने काही म्हटलं की ते होता होता राहतं, हे अख्ख्या सासुरवाडीला ठाऊक! मागे त्याने सासऱ्यांच्या पंपाला मोबाइलवर चालणारं बटण बसवून दिलं होतं. केवळरामांनी ते हौसेने दाबलं, तर शेजारच्या ईश्वरच्या शेतातला पंप सुरू झाला!

“तुम्ही बनवसान?” केवळरामांनी एवढंच विचारलं.

“सागवानात अक्षरं कोरतो अन् त्यात निळं रेझिन ओततो. दोन बाटल्या एकात एक मिसळायच्या, ओतायचं, की झालं काचेवानी घट्ट! तुमच्या नावात तलावाचं पाणीच भरल्यासारखं दिसन! अन् हे काढून टाका बरं इथून.”

असं म्हणत वीरेंद्रने खरकट्या हातानेच उठून नव्या दाराशेजारचा धानाच्या लोंब्यांचा झुपका काढला. नवं धान निघालं की चिमण्यांसाठी असा एक झुपका ओसरीत टांगायचा, हा केवळरामांचा दरवर्षीचा नेम.

“नव्या घराले कचरा शोभत नाही, मामाजी. इथी पाटी लागन.”

केवळरामांनी झुपक्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि ते ताक प्यायले. सासरा जावयाला तरी काय बोलणार! पण ती नजर वीरेंद्रला चांगलीच लागली. या माणसाच्या तोंडून एकदा तरी ‘वा!’ काढायचाच, असं त्याने तिथेच ठरवून टाकलं.

वीरेंद्र वरठीला कारखान्यात फिटर होता. हाताला कसब होतं, त्याबद्दल वाद नाही. अक्षरं अशी सुरेख कोरली की बायको हर्षासुद्धा दोन मिनिटं टोमणा मारायची विसरली. मग त्याने रेझिन मोजलं, मिसळलं, ओतलं. चोवीस तासांत घट्ट होईल, असं बाटलीवर लिहिलं होतं. पण ते लिहिणाऱ्याने वरठीतली डिसेंबरची थंडी पाहिलेली नव्हती! दुसऱ्या दिवशी वीरेंद्रने अंगठा लावून पाहिला, तर अंगठा परत यायलाच तयार नाही. तिसरा दिवस शनिवारचा.

“अहो, हे तर गुळाच्या पाकावानी चिकट आहे,” हर्षा म्हणाली. “राहू द्या ना आणखी दोन दिवस!”

“उद्या पूजा आहे! तिथी जाऊन वाळन. तू फक्त मांडीवर धर.”

तिने मोटरसायकलवर मागे बसून पाटी मांडीवर धरली. साकोली येईपर्यंत पाटीने रस्त्यावरची धूळ, दोन चिलटं आणि हर्षाच्या लाल शालीचं टोक पकडून ठेवलं होतं. एकोडीत उतरल्यावर शाल कात्रीने कापावी लागली. हर्षा त्यानंतर तासभर बोलली नाही, यावरून ती किती रागावली असेल ते समजा!

ओसरीत धनंजयची ग्रॅनाइटची पाटी आधीच येऊन बसली होती. काळीभोर, चकचकीत, वर झेंडूचा हार!

“तुमची कुठी आहे?” धनंजयने विचारलं.

“उद्या दाखवतो. सरप्राइज आहे!” वीरेंद्र म्हणाला आणि पाटी पोत्याखाली लपवत थेट मागच्या जुन्या घरात शिरला. तिथे चुलीपाशी त्याने ती उभी केली आणि फुंकणीने तिच्यावर फुंकर मारायला लागला. सासूबाई गोदावरीबाई भाकरी थापता थापता हा प्रकार पाहत होत्या.

“काय करून राहिले, जवाईबापू?”

“मामीजी, कोणाले सांगू नका. हे अजून घट्ट झालं नाही. याले रातभर चांगली गरमी पाहिजे. उद्या हे असंच राहिलं, तर मामाजी मले दारात उभं करणार नाहीत!”

गोदावरीबाईंना जावयाची दया आली. “काहीतरी करू. तुम्ही जेवाले बसा आधी.”

सकाळी वीरेंद्र उठून चुलीपाशी गेला, तर पाटी गायब! पोतं होतं, पाटी नव्हती. पाहुणे जमलेले, पूजेचे महाराज पाट मांडून बसलेले आणि गोदावरीबाई पाहुण्यांच्या घोळक्यात कुठेतरी हरवलेल्या. वीरेंद्रने चूल पाहिली, गोठा पाहिला, पलंगाखाली पाहिलं. मग त्याला ओसरीत ग्रॅनाइट पुसत बसलेला धनंजय दिसला आणि त्याचं डोकं भडकलं.

“धनंजयभाऊ, माझी पाटी कुठी आहे?”

“मी कायले घेऊ तुमची पाटी?”

“तुमचा दगड लागला पाह्यजे म्हणून! डिक्की उघडा गाडीची!”

“वीरेंद्र, पाहुणे पाहून राहिले!”

“पाहू द्या! उघडा डिक्की!”

सगळे पाहुणे गाडीभोवती गोळा झाले. महाराजही घंटी हातात घेऊनच आले. धनंजयने मुकाट्याने डिक्की उघडली. आत ड्रिल मशीन, चार मोठे स्क्रू आणि लेव्हल काढायची पट्टी.

“हे कायले?” वीरेंद्रने विचारलं, पण आवाज अर्धा झाला होता.

“तुमच्याच पाटीसाठी आणलं. दगड तर सिमेंटनं बसते. म्हटलं, तुम्ही ड्रिल विसरसान.”

वीरेंद्र ड्रिल खरोखरच विसरला होता. हर्षाने पदर तोंडाला लावला. गाडीच्या चाकाखाली झोपावं, असं वीरेंद्रला वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून गोदावरीबाई पुढे आल्या. “अवो, कायले भांडता? पाटी ढोलीत आहे ना! गरमी पाहिजे म्हणत होते, मी धानात गाडून ठेवली. उन्हातलं धान आतून कसं गरम राहते! माझे सीताफळं तिथीच पिकतात.”

सगळी वरात मागच्या खोलीत, धान साठवायच्या बांबूच्या ढोलीकडे! गोदावरीबाईंनी कोपरापर्यंत हात घालून आधी दोन सीताफळं काढली, मग पाटी.

पाटी दगडासारखी घट्ट झाली होती. पण निळा तलाव कुठेच नव्हता! प्रत्येक अक्षर धानाच्या दाण्यांनी गच्च भरलेलं, दाणे अर्धे बुडालेले, अर्धे वर. ‘केवळराम’ अख्खं सोनेरी! कोपऱ्यात शालीचा लाल दोरा आणि एक चिलट.

केवळराम पुढे झाले. त्यांनी पहिल्या अक्षरावरून बोट फिरवलं, वाकून पाहिलं आणि बायकोकडे वळले.

“हे तर चिनूर धान आहे! बियाण्याची ढोली उघडली?”

“जवायापेक्षा बियाणं मोठं आहे काय?” गोदावरीबाई म्हणाल्या.

“पण बाप्पा, डोकं लावलं!” मागून ईश्वर ओरडला. “शेतकऱ्याचं नाव धानानंच लिहिलं!”

पाहुण्यांनी माना डोलावल्या. वीरेंद्रच्या जिवात जीव आला आणि जिवाबरोबर जुनी खोडही आली.

“तीच तर डिझाइन आहे, मामाजी!” तो छाती काढून म्हणाला. गोदावरीबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्या सीताफळं घेऊन निघून गेल्या.

धनंजयच्या ड्रिलने पाटी दाराशेजारी लागली, धनंजयचाच हात लागून. ग्रॅनाइट फाटकावर गेलं. पूजा झाली, पंगती उठल्या. ज्याला त्याला पाटी आवडली. फक्त केवळराम काही बोलले नव्हते.

दुपारी ते पाटीखालीच खुर्ची टाकून बसले. वीरेंद्र जवळपास घुटमळत राहिला. तेवढ्यात दोन चिमण्या आल्या आणि पाटीवर बसल्या. एकीने दाण्यावर चोच मारली. टक! दुसरीने मारली. टक! दाणा काही सुटेना. पहिलीने मान तिरकी करून पाहिलं, आणखी एकदा टक केलं आणि दोघी उडून गेल्या.

“जवाईबापू,” केवळराम म्हणाले.

“जी, मामाजी!” वीरेंद्र धावला.

“आजवर मले फसवलं, चाललं. मी काही बोललो काय? पण चिमण्याईले कायले फसवता?”

ते उठून मागे गेले आणि काढून टाकलेला लोंब्यांचा झुपका घेऊन आले. तो त्यांनी पाटीच्याच वरच्या स्क्रूला बांधला. झुपका चांगला जाडजूड होता. ‘केवळराम’ पूर्ण झाकलं गेलं, चिलटासकट!

केवळराम परत खुर्चीवर बसले. जरा वेळाने चिमण्या आल्या, या वेळी पाच. लोंब्यांना लोंबकळून दाणे टिपायला लागल्या.

“वा!” केवळराम म्हणाले.

सोमवारी कारखान्यात पोचल्या पोचल्या वीरेंद्रने सगळ्यांना सांगितलं, “पाटी लागली, अन् मामाजीच्या तोंडून ‘वा’ निघाला! विचारा हर्षाले!”

हर्षाला विचारायला अजून तरी कोणी गेलेलं नाही.