उत्तनच्या खडकावर चपला

हरिश्चंद्र सावंतांना डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, की बीपी थोडं वर आहे, जरा चालत जा. पण सावंतांना कुठलीही गोष्ट जरा करता येत नसे. महिनाभरात त्यांच्या गोडदेवच्या घरातून साखर गेली, प्लॅस्टिकचे डबे गेले आणि भांड्यांचा साबणसुद्धा गेला.

"राखेने घासायची म्हणता, पण राख आणू कुठून?" पत्नी गिरिजाबाईंनी विचारलं. "अख्ख्या गोडदेवात चूल आहे का कोणाकडे?"

त्या रविवारी नवीन टूम निघाली. ओल्या वाळूत अनवाणी चालायचं, अंगावर कोवळं ऊन घ्यायचं आणि मोबाइल घरी ठेवायचे, दोघांचेही. सकाळची पहिली बस पकडून दोघं उत्तनला उतरली. किनाऱ्यावर पोचताच सावंत म्हणाले, "डोळ्यांनाही विश्रांती हवी. चष्मा काढूनच चालतो आज."

"चष्म्याशिवाय तुम्हाला ताटातली भाजी दिसत नाही."

"त्यानेच नजर सुधारते."

गिरिजाबाईंना सकाळपासून बिनसाखरेच्या काढ्यावर ठेवलेलं होतं. त्या चिडून म्हणाल्या, "जा मग एकदाचे त्या समुद्रात," आणि सुके बोंबील घ्यायला गावात वळल्या.

बोंबील घेऊन परत आल्या, तर किनारा रिकामा. खडकावर शर्ट, शर्टावर चष्मा, खाली चपला. त्यांच्या छातीत धस्स झालं ते शर्टाच्या घडीमुळे. घरी हा माणूस शर्ट खुर्चीवर भिरकावतो. इथे मात्र बाह्या आत दुमडून, कॉलर सरळ करून इस्त्रीवाल्यासारखी घडी घातली होती. चपलाही जोडीने, समुद्राकडे तोंड करून.

"अहो," त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. लाटांच्या आवाजात ती कुठल्या कुठे गेली. आपण मघाशी काय बोललो ते आठवलं आणि त्या मटकन खाली बसल्या.

बोंबील विकणारी फ्लोरिन सुट्टे पैसे द्यायला मागोमाग आली होती. तिने चपला पाहिल्या, बाईंचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "भांडान झालेला काय, बाय?"

गिरिजाबाईंना हो म्हणवेना, नाही म्हणवेना. फ्लोरिन काय ते समजली आणि नवऱ्याला हाका मारत पळत सुटली.

थोड्याच वेळात तिच्या नवऱ्याने, रुडॉल्फने, होडी पाण्यात लोटली. चर्चला निघालेली माणसं पॅंटचे पाय दुमडून पाण्यात शिरली. हाताला हात धरून त्यांनी साखळी केली आणि पायांनी तळ चाचपत सगळे पुढे सरकू लागले. नवरा कुठला, कसा दिसतो, काय बोलणं झालं, ते लोकांना कसंबसं सांगून गिरिजाबाई डोक्यावरून पदर ओढून, तोंड झाकून बसल्या होत्या. त्यांना पाण्याकडे बघवत नव्हतं.

सावंत मात्र खडकांच्या पलीकडून, पोट आत ओढून, मजेत चालत परत येत होते. लांबून त्यांना एक करडा ठिपका दिसला. जवळ गेल्यावर ती गर्दी निघाली.

"काय झालं?" त्यांनी पाण्यातल्या एकाला विचारलं.

"मानूस गेला पान्यात. गोडदेवचा हाय म्हनतात. बायको टोचून बोलली."

सावंत आणखी जवळ सरकले. आपल्याच गोडदेवचा. "वय काय?"

"पन्नाशीचा. टकल्या हाय, पोट सुटलेला."

"अरेरे, या वयात," सावंत म्हणाले आणि बनियनवरच साखळीत शिरले.

पाणी कमरेपर्यंत आलं. पोहता येत नव्हतं, तरी ते मागे फिरले नाहीत. प्रत्येक पाऊल टाकताना अंगावर काटा येत होता. आता पायाला केस लागतील, आता बोटं लागतील. आणि खरंच काहीतरी मऊ, बुळबुळीत पायाला गुंडाळलं. ते पाय सोडीना. सावंतांना देवाचं नावही आठवेना. शेजारच्या इव्हानने वाकून हात घातला आणि वर काढली ती प्लॅस्टिकची पिशवी.

"तुम्ही बाहेर जा, काका," तो म्हणाला. "नायतर दोघांना शोधाला लागल."

सावंत खडकापाशी आले. पदराआड कोणीतरी बाई हुंदके देत होती. तिला धीर द्यावा, असं त्यांच्या मनात आलं, पण समोरचं काही नीट दिसेना. खडकावर चष्मा हाताला लागला. त्यांनी नेहमीच्या सवयीने उचलून तो डोळ्यांवर चढवला.

होडी ओढत आलेला रुडॉल्फ ओरडला, "ए काका, मेलेल्या मानसाचा चष्मा कशाला घालतंस?"

सावंतांना मात्र आता सगळं स्वच्छ दिसत होतं. घडी घातलेला शर्ट दिसला, चपला दिसल्या. पदर बाजूला करून वर बघणारी गिरिजाही दिसली. गेला तासभर वाटली नव्हती एवढी भीती त्यांना त्या क्षणी वाटली.

गिरिजाबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. फ्लोरिनने छातीवर क्रूस काढला. रुडॉल्फ पाण्यातल्या लोकांकडे वळून म्हणाला, "बाहेर या रे. सापडला. आपल्याबरूबरच शोधत होता."

बसमध्येही त्यांनी ते मनगट सोडलं नाही. घरी आल्यावर सावंत हळूच म्हणाले, "पुढच्या वेळेपासून आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवरच चालतो."

"गच्चीवर?" गिरिजाबाईंचा चेहरा पुन्हा पांढरा पडला. "एकटे?"

आता रोज सकाळी दोघं सोसायटीच्या बागेत अनवाणी चालतात, गिरिजाबाई त्यांचा हात क्षणभरही न सोडता. चौथ्या मजल्यावरच्या वासंतीताईंनी खिडकीतून नवऱ्याला ते दाखवलं. "बघा जरा. या वयातही कसे हातात हात घालून फिरतात. नाहीतर तुम्ही."

वासंतीताईंचे यजमान त्याच दुपारी खाली भेटले. "सावंत," ते कळवळून म्हणाले, "आमच्यावर एवढी कृपा करा. दिवसातून निदान एकदा तरी तो हात सोडा हो."

सावंतांनी आपलं सुजलेलं मनगट चोळलं. "विचारून बघतो," ते म्हणाले.