तेजस्वी घरात न्हाय!

घरातली गोष्ट दाराबाहेर जाऊ द्यायची न्हाय, ह्यात माझा हात धरणारा अख्ख्या कोल्हापुरात कोण न्हाय! हे मी बसूनच सांगतो. उभं राहायचं त्राण उरलेलं न्हाय.

माझी पुतणी तेजस्वी पैलवान हाय. मोठ्या खेळाडूंनी उत्तेजकं घेऊ नयेत म्हणून सरकारी माणसं न सांगता तपासायला येतात. त्यासाठी रोज एक तास आपण कुठं सापडणार ते मोबाईलवर भरायचं. त्या तासात न्हाय सापडली की चुकी. वर्षात तीन चुक्या, की दोन वर्षं बंदी! तेजस्वी भडकली. "मी कुठं झोपते, कुठं जेवते, हे दिल्लीला कशाला? मी काय जामिनावर सुटलेय?" टीव्हीवरबी बोलली. त्या तावात दोन चुक्या झाल्या, आणि आशियाई स्पर्धेची निवड महिन्यावर आली. मग ते रोजचं भरणं पडलं माझ्या गळ्यात.

रविवारचा तास भरला, पाच ते सहा, घर. आणि त्याच वेळेला वहिनींनी शिरोळचं स्थळ बोलावलं!

"तात्या, मला सहापर्यंत घर सोडता येत न्हाय," तेजस्वी म्हणाली. "मी माळ्यावर बसते. पावणं आलं की मी न्हाय म्हणून सांग. असं काहीतरी सांग, की परत फिरकायचं न्हाईत!"

"सोड माझ्यावर!"

वहिनी पावण्यांना आणायला कोपऱ्यावर गेल्या. सव्वापाचला दारात चष्मेवाल्या बाई आणि फाईलवाले गृहस्थ उभे. पोरगं गाडी लावत असंल म्हटलं.

"तेजस्वी आहेत का? काम त्यांनाच सांगू."

"या की पावणं, बसा! पण पोरगी न्हाय घरात. शाहूवाडीला गेलीया."

बाईंनी घड्याळ बघून लिहून घेतलं. "आम्ही सहापर्यंत थांबतो."

काय चिकट माणसं! पोहे पुढं केले, तर नको म्हणाली. पावणेसहा झाले तरी हलेनात, मग मी खुर्ची जवळ ओढली.

"खरं सांगू? पोरगी दिसायला धडधाकट, पण सगळा औषधांचा खेळ!"

गृहस्थ ताठ बसले. "कसली औषधं?"

"सकाळी गोळ्या, संध्याकाळी सुई. सुई न्हाय टोचली तर तांब्यासुद्धा उचलत न्हाय!"

"कोण टोचतं?"

"मीच की!"

पठ्ठ्या भराभरा लिहायला लागला. मनात म्हटलं, मोडलं लगीन! तेवढ्यात दारातनं वहिनींची हाक आली, "भावजी, शिरोळचं पावणं आलं!"

मागं पोरगं, त्याचे आईवडील, पेढ्यांचा पुडा.

"मग हे कोण?"

बाईंनी ओळखपत्र काढलं. उत्तेजक तपासणी!

"आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"तेजस्वींनीच लेखी तक्रार केली होती. मागच्या वेळी दारात काम सांगितलं तर गल्ली गोळा झाली म्हणे. म्हणून आता फक्त खेळाडूलाच सांगतो."

सहाला आठ मिनिटं होती. मी माळ्याखाली धावलो. "तेजे, खाली ये!"

"मी न्हाय घरात!"

"अगं बये, लघवी न्यायला आल्यात!"

ही हाक गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तेजस्वीनं माळ्यावरनं उडी टाकली. तिसरी चुकी टळली, पण लघवी काय होईना! बाटलीबंद पाण्यावर पाणी झालं. शिरोळची मंडळी आणि जमलेली गल्ली, सगळे मोरीच्या दाराकडं बघत बसले. दीड तासानं बाटली सीलबंद झाली. तेजस्वीचं तोंड बघवत नव्हतं. मला लई वाईट वाटलं.

"आता त्या सुईचं बघू," गृहस्थ म्हणाले.

हातापाया पडलो. शेवटी माझ्याकडनं लिहून घेतलं आणि सगळ्यांदेखत वाचून दाखवलं, 'मी, कृष्णात, पुतणीबद्दल जे जे वाईट बोललो ते धादांत खोटं. तिला कसला आजार न्हाय, कसलं औषध न्हाय.' खाली माझी सही.

पोराची आई खूश होऊन उठली. "पोरगीत काय खोट न्हाय, हे सख्ख्या चुलत्यानं सरकारला लिहून दिलंय! आमी आणि काय बघायचं? पसंत हाय पोरगी!" आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला.

तेजस्वीनं माझ्याकडं बघितलं, मग बाईंकडं. "मॅडम, चुलत्यावर बंदी घालायचा काय नियम हाय का?"

"असला तर लावा," मी पेढा गिळत म्हणालो. "दोन वर्षं निवांत झोपंन."