कांताक्काच्या अँटेनाचं तोंड

“आक्का, दर्शन थेट घ्यायचं. कालचं आज चालायचं नाही. आणि मोबाईलवर तर नकोच. तिथं भगवंताच्या पायाशी साडीची जाहिरात येते.”

निपाणीत चातुर्मासाला आलेले महाराज एवढं सांगून पुढच्या गावी विहाराला गेले, त्याला तीन वर्षं होऊन गेली; पण कांताक्काच्या कानात तो आवाज रोज पहाटे ताजाच असे. तिचा नियम असा, की देवदर्शन झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही. गुडघे होते तोवर हे सोपं होतं. बसदी, म्हणजे जैनांचं देऊळ, गल्लीमागच्या टेकावर होती, चोपन्न पायऱ्यांची. गुडघे गेले तेव्हा महाराजांनी दया येऊन टीव्हीवरच्या दर्शनाची मुभा दिली आणि मुभेला वरच्या अटी जोडल्या. कांताक्कानं आणखी एक आपण होऊन जोडली: खोटं बोलायचं नाही. नियम घेताना माणूस उदारच असतो.

मुभेची सोय सरकारनं करून ठेवलेली होती. दक्षिणेकडच्या डोंगरावर एक मनोरा उभा राहिला होता आणि त्याच्या पायथ्याशी कार्यालय होतं, ‘सीमावर्ती भू-अंकीय प्रक्षेपण केंद्र’. ना डिश, ना केबल, ना दर महिन्याचं रिचार्ज. गच्चीवर फणीसारखा एक अँटेना लावायचा, टीव्हीखाली एक डबी ठेवायची आणि फणीचं तोंड डोंगराकडं करायचं. मनोऱ्यातून कानडी, मराठी, हिंदी अशा अकरा वाहिन्या एकाच झोतात निघत आणि वाटेत एकमेकींशी भांडत नसत. त्यांतल्या एकीवर रोज सकाळी सव्वासहाला तीर्थक्षेत्रातल्या मोठ्या मूर्तीचा अभिषेक थेट दिसे. कांताक्का हात जोडी, पाणी पिई, चहा घेई आणि बरोबर सातला डॉक्टरांनी साखरेच्या दुखण्यावर दिलेली गोळी गिळी. एकंदरीत धर्म, शासन आणि वैद्यकशास्त्र यांचं उत्तम चाललं होतं.

मग कार्यालयातून नमुना ‘ड’ आला.

नमुन्यात बारा रकाने होते. आठ रकान्यांपर्यंत कुणाला काही खुपलं नाही. नवव्यात छापलं होतं: ‘आपल्या अँटेनाचे तोंड कोणत्या राज्याकडे आहे? (राज्याचे नाव लिहावे.)’

हा नमुना ज्यानं तयार केला तो बहुधा देशाच्या मधोमध कुठंतरी राहत असावा. त्याच्या गावात हा प्रश्न भूगोलाचा असेल. निपाणीतला दुकानदार दोन लिप्यांतली पाटी रंगवताना अक्षरांची उंची पट्टीनं मोजून घेतो. अशा गावात तोंड कुठल्या राज्याकडं, हे सही करून कोण लिहून देणार?

गल्लीची बैठक बसली. गल्लीत मराठीच्या बाजूनं बोलायचं काम मारुतीरावांकडं होतं आणि कानडीच्या बाजूनं बोलायचं काम रायाप्पाकडं. रायाप्पा कांताक्काचा चुलत दीर. दोघं पत्ते एकत्र खेळत, पण मत तीस वर्षांत एकदाही एक झालं नव्हतं.

“नववा रकाना लई वाईट हाय,” मारुतीराव म्हणाले. “उत्तरेकडचं राज्य लिव्हलं तर हे धरतील, दक्षिणेकडचं लिव्हलं तर ते धरतील.”

“मग काय लिव्हायचं म्हंतोस?” रायाप्पानं विचारलं.

“कुठंच न्हाय, असं लिव्हायचं. कुठंच न्हाय म्हटल्यावर कोण काय करतंय?”

“हे बाकी बरोबर बोललास.”

कांताक्काची सून दीप्ती शाळेत शिकवते. ती हळूच म्हणाली, “आई, दोघांचं एकमत झालं. आता काहीतरी बिघडतंय बघा.”

गल्लीतल्या बेचाळीसही घरांनी नवव्या रकान्यात ‘कुठेच नाही’ लिहिलं. कांताक्काच्या घराचा नमुना दीप्तीनं भरला.

“अगं, पण हे खोटं न्हवं का?” कांताक्कानं विचारलं. “तोंड डोंगराकडं हाय की.”

“आई, अँटेना ही वस्तू. वस्तूला तोंड कुठलं असतंय?”

कांताक्काचं समाधान झालं नाही. पण सव्वासहा वाजत आले होते, म्हणून तिनं ते झालं असं धरलं.

सतरा दिवसांनी आदेश निघाला. ‘सदर गल्लीतील अँटेनांना तोंड नसल्याचे रहिवाशांनीच स्वाक्षरीनिशी कळविले आहे. तोंड नसलेल्या अँटेनांकडे प्रक्षेपण करणे हा शासकीय विजेचा अपव्यय होय. सबब टप्प्याटप्प्याने प्रक्षेपण अन्यत्र वळविण्यात येत आहे.’ अन्यत्र म्हणजे उसाकडं. उसाला कुणी नमुना ‘ड’ पाठवला नव्हता, त्यामुळे उसाची हरकत नव्हती.

पहिल्या टप्प्यात देव चौकोनांत दिसू लागला. जुन्या टीव्हीचं एक बरं होतं; मुंग्या आल्या तरी मुंग्यांतून देव दिसायचा. या नव्या झोतात कपाळ जागेवर असे आणि खांदा भलतीकडंच. कांताक्काला पेच पडला. तिनं दीप्तीकडून बसदीचे पुजारी अरिहंत उपाध्ये यांना बोलावून घेतलं.

“किती चौकोन दिसले?” उपाध्यांनी विचारलं.

“मोजले न्हाईत. मुख दिसलं, पण तिरकं.”

“आणि चरण?”

“चरण वर गेलते.”

उपाध्यांनी शास्त्र आठवून बघितलं. शास्त्रात चौकोनांविषयी स्पष्ट काही नव्हतं. शेवटी म्हणाले, “निम्म्याहून जास्त चौकोन जागेवर असले तर दर्शन झालं धरा. निम्मेच असले तर पाणी घ्या, चहा नको.”

कांताक्का आठवडाभर चौकोन मोजत राहिली. एकदा ती मोजत असताना अभिषेकच संपला आणि दूधभावाच्या बातम्या लागल्या.

दुसऱ्या टप्प्यात पडदा निळा झाला आणि त्यावर ‘सिग्नल नाही’ एवढंच आलं. त्या दिवशी कांताक्का बसदीकडं निघाली. एकेका पायरीवर बसायचं, हात टेकून वरच्या पायरीवर सरकायचं, तिथं पुन्हा बसायचं. चोपन्न पायऱ्या चढायला पावणेबारा वाजले. पाणी पावणेबाराला, गोळी खाली आल्यावर एकला. तिसऱ्या दिवशी एकतिसाव्या पायरीवर तिला चक्कर आली. डॉक्टर रागावले. म्हणाले, “आक्का, नियम तुमचा, साखर माझी. सातची गोळी सातलाच पोटात गेली पाहिजे, नाहीतर एक दिवस या पायऱ्यांवरूनच आणावं लागेल तुम्हाला.”

दीप्तीनं कार्यालयात फोन केला. चौदाव्या फोनला पारमिता मॅडम आल्या. मॅडम टिळकवाडीत राहत, मनोऱ्यावर सहायक अभियंता होत्या आणि मनानं चांगल्या होत्या, ही त्यांच्या नोकरीतली मोठी अडचण होती. त्या कांताक्काच्या गच्चीवर गेल्या. अँटेनावर वाळत घातलेला टॉवेल बाजूला करून त्यांनी बघितलं.

“आज्जी, तोंड तर सरळ डोंगराकडं आहे.”

“मी तेच म्हंते.”

“पण मी डोळ्यांनी बघितलेलं कार्यालयात धरत नाहीत. कागदावर तोंड लागतं. दुरुस्तीचा अर्ज करा, मी आत्ताच भरून घेते. राज्य कुठलं लिहू?”

“डोंगर.”

मॅडमनी हातातल्या टॅबवर बोट फिरवलं. “यादीत डोंगर नाही. राज्यं आहेत आणि केंद्रशासित प्रदेश आहेत.” बोट थांबलं. “लक्षद्वीप चालेल का? लक्षद्वीपविषयी गल्लीत कुणाचं काही म्हणणं?”

गल्लीला विचारण्यात आलं. लक्षद्वीपशी कुणाचाच वाद नव्हता. मारुतीराव म्हणाले, “बिनधास्त लिव्हा.” रायाप्पा म्हणाला, “चांगली माणसं असतात तिथली.”

“पण बाई, खोटं न्हवं का हे?” कांताक्का कळवळून म्हणाली.

“आज्जी, डोंगराच्या मागं रेघ ओढत नेली तर समुद्रात कुठंतरी ती लागणारच.”

अर्जाला साक्षीदार हवे होते. ज्या एकेचाळीस घरांनी स्वतःच्या अँटेनाला तोंड असल्याचं नाकारलं होतं, त्या एकेचाळीसही घरांनी कांताक्काच्या अँटेनाला तोंड असल्याची साक्ष दिली. दुसऱ्याच्या तोंडाची जबाबदारी घ्यायला गल्ली कधीच मागं हटली नव्हती.

प्रक्षेपण मंजूर झालं, पण एका तोंडापुरतं. मनोऱ्यावरून सुतळीएवढा झोत कांताक्काच्या गच्चीवर सोडण्यात आला. देव पुन्हा सबंध दिसला. पाणी, चहा, सातची गोळी.

त्याच दिवशी दुपारी दोनला मागच्या दारानं मारुतीराव आले. खुर्ची ओढून बसले, डबीचा रिमोट हातात घेतला आणि एक कानडी मालिका लावली. तिच्यातल्या सासूचे तीनशे भाग त्यांनी बघितले होते आणि महिनाभर तिचं काय झालं या काळजीनं त्यांना झोप लागत नव्हती.

“आक्का, कुठं बोलू नगंसा,” ते जाताना म्हणाले. “गल्लीत माझं काय ऱ्हायचं न्हाय. शब्द द्या.”

कांताक्कानं शब्द दिला.

चारला पुढच्या दारानं रायाप्पा आला. त्यानं मराठी कीर्तन लावलं. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले. “वैनी, ह्ये आपल्या दोघांतच ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “त्या मारुतीला कळलं तर पत्त्याच्या डावाला मला बसू देणार न्हाय.”

कांताक्कानं त्यालाही शब्द दिला. पंधरा दिवसांत अख्खी गल्ली तिच्या सोप्यात, टीव्हीच्या खोलीत, येऊन गेली, प्रत्येक जण आपापल्या वेळेला आणि प्रत्येक जण शब्द घेऊन. कांताक्काला त्याचं ओझं वाटत नव्हतं. सव्वासहाला सोपा मोकळा असे, एवढं तिला पुरेसं होतं.

मग प्रेक्षक-पडताळणी निघाली. नियम असा होता की एका तोंडामागं निदान दोन प्रेक्षक हवेत, आणि एका रेशनकार्डावर एकच प्रेक्षक धरावा. त्यामुळे दीप्ती बाद झाली. पारमिता मॅडम टॅब घेऊन सोप्यात बसल्या. पंच म्हणून गल्लीतले दोन प्रतिष्ठित हवे होते, म्हणून मारुतीराव आणि रायाप्पा यांना बोलावण्यात आलं. दोघांनी, कुणी न सांगता, आपापल्या रोजच्या खुर्च्या ओढून घेतल्या.

“आज्जी, इथं टीव्ही कोण कोण बघतं?”

कांताक्कानं मारुतीरावांकडं बघितलं. मारुतीराव आढ्याकडं बघत होते. तिनं रायाप्पाकडं बघितलं. रायाप्पाही तेच आढं बघत होता.

“मी बघते,” कांताक्का म्हणाली. “बाकीच्यांचं बाकीच्यांना विचारा, बाई.”

मॅडमनी मारुतीरावांना विचारलं.

“आम्ही? आम्हाला टायम कुठाय टीव्ही बघायला?” मारुतीराव म्हणाले. “गल्लीची कामं थोडी हायत व्हय?”

“आणि लक्षद्वीपचं आम्हाला काय कळतंय?” रायाप्पानं पुष्टी दिली.

मॅडम बाकीची एकेचाळीस घरं फिरून आल्या. कुणीही काहीही बघत नव्हतं. टॅबवर ‘प्रेक्षक क्रमांक एक’ पुढं कांताक्काचं नाव होतं आणि ‘प्रेक्षक क्रमांक दोन’ पुढची जागा पांढरी होती.

“आज्जी,” मॅडम खाली बसून हलक्या आवाजात म्हणाल्या, “या दोन खुर्च्यांच्या गाद्यांना बसून बसून खड्डे पडलेत, ते मला दिसतंय. नुसतं एक नाव सांगा. मी लिहून घेते, सही मागाहून मिळवते. सोमवारपर्यंत नाव आलं नाही तर झोत बंद होईल.”

“शब्द दिलाय, बाई.”

“कुणाला?”

“ते सांगितलं तर मग शब्द कसला?”

मॅडमनी जाताना चपला घालायला फार वेळ लावला. सोमवारपर्यंत त्यांचे सहा फोन आले. त्या सहा दिवसांत मारुतीरावांनी सासूचे सहा भाग बघून घेतले आणि रायाप्पानं सहा कीर्तनं ऐकली. दोघांनीही जाताना विचारलं, “कोण तयार झालं का सही करायला?” ‘न्हाय’ म्हटल्यावर दोघांनीही गल्लीला नावं ठेवली.

सोमवारी सव्वासहाला पडदा निळा झाला.

कांताक्कानं टीव्ही बंद केला. मग उठली, पदर खोचला, काठी घेतली.

“आई, थांबा,” दीप्ती आडवी आली. “मी आत्ता मॅडमना फोन लावते आणि मारुतीरावांचं नाव सांगते. शब्द तुम्ही दिलाय, मी कुठं दिलाय?”

“घर एकच हाय की गं. रेशनकार्ड एकच, तसा शब्द पण एकच.”

“आणि सातची गोळी?”

“कनवटीला बांधून दे. वर पोचले की घेते.”

दीप्तीनं गोळी कागदात बांधून दिली आणि मागोमाग पाण्याची बाटली घेऊन निघाली. कांताक्का गल्लीतून चालू लागली. काठीच्या आवाजानं एकेक खिडकी उघडली. एकेचाळीस घरांतली माणसं तिच्याकडं बघत राहिली आणि सगळ्यांचा ऊर भरून आला. मारुतीराव म्हणाले, “ही खरी श्रद्धा.” रायाप्पानं मान हलवली. कुणीतरी मोबाईल बाहेर काढला, आणि ती पहिल्या पायरीवर बसून हात टेकून दुसरीवर सरकली तिथपासून सगळं थेट दाखवायला सुरुवात केली. दुपारपर्यंत ते चाळीस हजार लोकांनी बघितलं. आपणही बघितलंत. खाली हात जोडल्याचं चित्रही टाकलंत, आणि ते फार मनापासून टाकलं होतंत.

कार्यालयाच्या दफ्तरी मात्र दुसऱ्या प्रेक्षकाची जागा अजून भरायची आहे. सही करावी लागते. कांताक्का रोज पहाटे, कुणाचंही नाव न घेता, काठी टेकत निघते.