भोक म्हणजे कापडाचा अभाव

प्राध्यापकमहाशय व्याख्यानाची तालीम नेहमी इस्त्री करता करता करत. इस्त्रीचं टेबल सभागृहातल्या मेजाच्याच उंचीचं होतं, आणि कपडे मधेच उठून जात नसत. उद्याचा विषय होता, देव चांगला आहे तर जगात वाईट का घडतं. आजचा कपडा होता बायकोचा कोट. दोन वर्षं नोकरीविना घरी बसून ती कातावली होती आणि तासाभरात तिची मुलाखत होती.

समोर आरामखुर्चीत सासूबाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. इतका शांत श्रोता मिळाल्यावर प्राध्यापकांना चेवच आला. "देव सगळं बघतो," दोन्ही हात उंचावून ते म्हणाले, "मग थांबवत का नाही?" इस्त्री कोटाच्या पाठीवरच राहिली. या प्रश्नाची तीन उत्तरं त्यांच्याकडे होती. तिसरं संपेपर्यंत धूर निघाला.

वासाने बायको धावत आली.

"हे बघ, भोक अशी काही वस्तूच नसते," प्राध्यापक चाचरले. "तो फक्त कापडाचा अभाव."

"मग रात्री तुला जेवणाचा अभाव," असं म्हणून तिने त्यांचाच कोट अंगात चढवला आणि ती तरातरा निघून गेली. बाह्या बोटांखाली लोंबत होत्या.

प्राध्यापकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांची नजर सासूबाईंकडे वळली. "आई, तुम्ही समोरच होतात. एक शब्द बोलायचा होतात."

सासूबाई जरा सावरून बसल्या. "जावईबापू, आठवडाभर तुम्हीच सांगताय ना, माणसाला मोकळीक द्यायला हवी? चटके बसल्याशिवाय तो घडत नाही? मग मी कशाला मधे पडू?"

स्वतःचीच उत्तरं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना किती चीड येते, हे प्राध्यापकांना पहिल्यांदाच कळलं. व्याख्यान रद्द करावं असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी बायको नाचतच आली. लोंबत्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून ती मुलाखतीला बसली होती. तिथल्या मोठ्या बाईंनी तेवढंच पाहिलं आणि ही काम करणारी दिसते म्हणून नोकरी देऊन टाकली.

 प्राध्यापकांचं तिसरं उत्तर हेच तर होतं, की वाईटामागे एक मोठी योजना असते. ते सासूबाईंच्या पायाशी जाऊन बसले. "आई, तुम्हाला हे आधीच दिसलं होतं. म्हणून तुम्ही गप्प राहिलात."

सासूबाईंनी लेक आत गेल्याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"कुणाला सांगू नका हं. माझा डोळा लागला होता."